सोसायटीला सांगितलेली भाची

मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये मी भाडं भरून राहायचे, पण भाडेकरू म्हणून नाही, भाची म्हणून. सोसायटीचा नियमच होता, कॉलेजची मुलं-मुली ठेवायची नाहीत. का, तर म्हणे वातावरण बिघडतं. डोंबल्याचं वातावरण! हॉस्टेलला माझा नंबर लागला नव्हता. एजंटांच्या मागे फिरून मानखुर्दपासून विक्रोळीपर्यंत खोल्या बघून झाल्या होत्या. जी परवडायची तिच्या दाराला धड कडी नसायची आणि जिला कडी असायची तिचं डिपॉझिट ऐकूनच मी जिना उतरायचे. त्यामुळे या फ्लॅटच्या एकट्या राहणाऱ्या मालकीणबाई जेव्हा म्हणाल्या, "कुणी विचारलं तर माझ्या भावाची मुलगी म्हणून सांग, आणि मला आत्या म्हण," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शेवटचं वर्ष होतं. हे घर सुटलं असतं तर बॅग उचलून थेट मालवण, आणि डिग्री गेली खड्ड्यात.

भाचीपण बऱ्यापैकी जमलंही होतं. मग ऐन परीक्षेत आत्यांचा भाऊ खरोखरच गेला. त्या रडत सांगलीला निघाल्या आणि जाता जाता लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंना सांगून गेल्या. आता आत्यांना भाऊ एकच, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. म्हणजे गेला तो माझा बाप!

संध्याकाळी काकू पिठलं-भात घेऊन दारात. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला कुशीत घेतलं. "रड गं बाळा, कोंडून ठेवू नकोस." मला रडू फुटलं, पण ते भीतीनं.

आत्यांना फोन लावला तर त्या हुंदके देत म्हणाल्या, "अगं, माझं डोकं ठिकाणावर नाहीये. तेरावं होईस्तोवर निभाव कसंतरी. खरं कळलं तर तुला काढतीलच, माझ्याही मागे लागतील." ज्या बाईचा भाऊ गेलाय तिच्याशी भांडणार तरी काय?

मग रोज कुणी ना कुणी भेटायला. मी पेपर देऊन खालमानेनं यायचे, तर गेटपाशी कुजबुज, "बापाचे दिवस चाललेत आणि हिला परीक्षा सुचतेय, कमाल आहे बाई!" हसायचं नाही, गाणी लावायची नाहीत, मैत्रिणीला बोलवायचं नाही. स्वतःच्याच खोलीत गुदमरायला व्हायचं.

आणि माझे बाबा तिकडे मालवणात ठणठणीत, रोज होडी घेऊन समुद्रात जात होते. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर खो खो हसले. "बरां झालां, माझां आयुष्य वाढलां!" मी मात्र रडतच राहिले.

रविवारी सकाळी काकू आणि आणखी दोघी हॉलमध्ये बसलेल्या असताना बेल वाजली. दार उघडलं तर बाबा. रात्रभर बसमध्ये बसून आलेले, डोळे लाल. मी "बा..." म्हणून थांबले.

"कोण गं?" काकूंनी आतून विचारलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या बायकांकडे पाहिलं. पिशवीला सुकटीचा वास होता, ती त्यांनी बाहेरच चपलांपाशी ठेवली. आत येऊन हात जोडले. "मी मामा तिचो."

"बरं झालं आलात," काकू म्हणाल्या. "पोर नीट जेवत नाही हो. बापाची फार लाडकी असणार."

"होय," बाबा फरशीकडे बघत म्हणाले. "लय जीव होतो त्याचो तिच्यावर."

मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले. ओट्याशी उभी राहून सोसायटीला, एजंटांना, आत्यांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. वाटलं, बाहेर जाऊन ओरडावं, हा माझा बाप आहे, जिवंत आहे, निघा सगळ्या! पण पेपर अजून बाकी होते. मी चहा गाळला.

बायका काही हलेनात. आम्हाला एक शब्द एकांतात बोलता आला नाही. शेवटी बाबाच उठले. एरवी नाक्यावर जायचं झालं तरी "येतंय गो" अशी हाळी देणारा माणूस. पण सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. काकूंना नमस्कार करून, माझ्याकडे न बघता, बाबा काही न बोलता निघून गेले.