जेठांना सगळं दिसतं

माझ्या जेठांइतका लोकांच्या डोळ्यांत डोकावलेला माणूस शहादा तालुक्यात दुसरा नसेल. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिले नाही. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठासमोर तोंडावर पदर घेते, त्यांच्याशी बोलत नाही. तेही रीत पाळायचे. मी दिसले की मान वळवायचे.

त्यांच्या खिशात कायम बॅटरी. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाची पापणी वर करून म्हणाले, "याही, जिलबी मंग खा. पहिले डोया दखाडा." डोळ्यांच्या शिबिराची गाडी गुजरातेतल्या दवाखान्यात जायची. गावातली निम्मी म्हातारी माणसे त्यांनीच तिच्यात नेऊन बसवली. मोतीबिंदू काढून आलेल्या एका आजीने तिसऱ्याच दिवशी मिरची कुटायला घेतली, तर हे जाऊन उखळावर बसले. "आते मन्हा डोकावर कूट," म्हणाले. आजीने मुसळ उचलले होते म्हणतात.

स्वतःचा नंबर लागला की मात्र जागा दुसऱ्याला द्यायचे. अगदीच दिसेना, तेव्हा माझ्या नवऱ्याबरोबर गेले आणि काळा चष्मा लावून परत आले.

सासूबाई दोन वर्षे ऑपरेशनला भीत होत्या. त्यांनी लेकाला विचारले, "भाऊ, खरं सांग. दिखस का?"

"भितवरली मुंगी दिखस, माय. पुढली गाडीमा तू चाल."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तांदूळ निवडत होते. पदर खाली घसरलेला. ते ओट्यावर आले, चष्मा काढला आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. चार हातांवर. मान वळवली नाही.

मी नवऱ्याला विचारले. तो रडला. मोतीबिंदू नीट निघाला होता, पण काचबिंदूने आतली नस आधीच सुकली होती. लवकर यायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. मायला सांगायचे नाही, अशी जेठांनी भावाला शपथ घातली होती.

सासूबाई पुढच्या गाडीने गेल्या आणि बघत्या होऊन आल्या. लेकाला पाहून म्हणाल्या, "भाऊ, तू कितला वाळना रे."

"तुले दिखनं ना? मंग झालं," ते हसले.

त्या दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. त्यांच्यासाठी अंगणात टाकलेल्या खाटेवर जेठ आदळणार, इतक्यात माझ्या तोंडून निघून गेले, "दादा, पुढे खाट शे."

ते थांबले. "कोन शे व माय? कोनाकडली पाहुणी?"

एका अंगणात सव्वीस वर्षे राहून त्यांना माझा आवाज ठाऊक नव्हता.

"मी धाकली."

त्यांनी हाताने खाट चाचपली. मग हळूच म्हणाले, "मायले सांगू नको. तिन्हा एक डोया आजून बाकी शे."

पुढची गाडी दिवाळीनंतर आहे. तोवर मी वाटेतल्या खाटा, बादल्या उचलून ठेवते. जवळ कुणी नसले तर दोन शब्द बोलते.