यमुनाअक्कांचा उद्योग

यमुनाअक्का गेल्याची वार्ता मला तालुका कचेरीबाहेर, माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलावर कळली. समोरच्या गृहस्थांना थांबण्यास सांगून मी लेखणीला टोपण लावले... या गावात मान असलेली माझी लेखणी त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

तंजावुरात मुले परदेशी गेल्याने एकटी उरलेली वृद्ध माणसे पुष्कळ. त्यांना दुपारचे ऊन-ऊन जेवण पोचवण्यासाठी अक्कांनी आपल्या स्वयंपाकघरातच संस्था काढली. घरी मराठी बोलणाऱ्या अक्का पहिल्या सभेत वस्तीतल्या बायांना तमिळमध्ये म्हणाल्या, "तुम्हां सर्वांना मी उद्योग देईन." आपल्या मराठीत उद्योग म्हणजे कामधंदा, तमिळमध्ये 'उद्योगम्' म्हणजे महिन्याच्या पगाराची कायम नोकरी! दुसऱ्या सकाळी बाया कोऱ्या साड्या नेसून, मोगरा माळून, शाळेचे दाखले घेऊन दारात हजर... अक्कांच्या मनात होते, जेवढे डबे तेवढी मजुरी.

"शब्दाचा घोटाळा आहे, अक्का. मी समजावतो," मी म्हणालो. भाषेचा जाणकार जवळ असता चिंता कसली?

"राव, इतक्या नटून आल्यात त्या. काय समजावणार? बोलले ते बोलले."

एक देणगीदार घरी येऊन टोमणा मारून गेले, "सेवेला पगार कसला हो अक्का? कलेक्टर कचेरी काढलीत काय?"

"सेवा मी करते, त्या उद्योग करतात. बसा, जेवून जा."

ते जेवले आणि त्यांनी देणगी बंद केली. अक्कांनी घराची माडी भाड्याने देऊन पगार चालू ठेवला. हजेरी, सुट्टी, रजेचा लेखी अर्ज, सारे कचेरीसारखे. बाया टिकल्या, म्हणून वृद्धांची जेवणे टिकली.

अक्कांच्या मागे हे चालेल काय, अशी शंका आम्हां सर्वांस होती. तेराव्याच्या आदल्या दुपारी स्वयंपाक सांभाळणारी सेल्वी माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"अय्या, लीव्ह लेटर लिहा. उद्या विधीला बसायचेय. डबे पोचवूनच येईन, अर्धा दिवस पुरे."

"कोणाच्या नावे लिहू?"

एवढा शिकलेला माणूस असे काय विचारतो, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. "अम्मांच्याच. दुसऱ्या कोणाच्या?"

मी सुवाच्य अक्षरांत अक्कांचे नाव लिहिले आणि अर्ज पुरा करून तिच्यासोबत गेलो. सेल्वीने तो स्वयंपाकघरात अक्कांच्या खुर्चीवर ठेवला, आणि खाली बसून उद्याचे तांदूळ निवडू लागली.