जो आत आलाच नाही, तो बाहेर कसा सोडू?

अमेरिकेत कोणाची कोणाशी जुंपली होती ते आम्हा वऱ्हाडकरांना धड ठाऊक नव्हतं. तिकडे बंदुका उचलल्या आणि इकडे कापूस चढला, एवढंच कळत होतं. मजूर मिळेना. आमचा न्हावीसुद्धा वस्तरा ठेवून कापसाच्या गाड्या भरायला गेला आणि मी महिनाभर अस्वलासारखा हिंडलो. मी तेव्हा अमरावतीच्या तुरुंगात कारकून. सुटणाऱ्या कैद्यांना नोकरीला लावून द्यायचा मला नाद होता. पुण्यबिण्य मिळावं म्हणून नव्हे हो. ‘याला मी मार्गाला लावला’ असं चारचौघांत म्हणता यावं, ही खाज.

त्यातला एक बार्शीटाकळीकडचा. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचा पाय मोडला म्हणून चार वर्षं आत. देह पैलवानाचा, बोलणं मऊ. वागणूक इतकी चोख की कैद्यांची संध्याकाळची गिनती त्याच्याकडेच असे. सुटताना साहेबानं अट घातली: वर्षभर चाकरीत राहायचं, चाकरी सुटली की परत आत. हमी कोण घेतो? सगळे माझ्याकडे बघत होते, मग काय, घेतली.

आधी त्याला एका माळीणबाईच्या मळ्यात लावला. तिसऱ्या दिवशी बाई त्याला घेऊन माझ्या दारात.

“कारकूनभाऊ, मले मळ्यात माणूस पाहिजे. हा तर पाणी पिऊ का, पेलो, आता उठू का, असं इचारते. शिंकाले बी परवानगी मागते बाप्पा!”

दुसरी चाकरी शोधायला साहेबानं आठ दिवसांची मुदत दिली. माझी सासुरवाडी अकोल्याची. तिथल्या ओळखीनं त्याला एका शेठच्या कापसाच्या वखारीत फाटकावर उभा केला, आणि निघताना मोठ्या शहाणपणानं सांगितलं, “भिऊ नको. तुरुंगात करत होता तसंच कर.”

पाचव्या दिवशी कौतुक ऐकायला म्हणून सकाळीच वखारीत गेलो. कौतुक झालं नाही, जेवण झालं, झोप झाली. उन्हं कलताना बाहेर येऊन बघतो तर फाटकाला कुलूप, आणि सगळी वखार जोडीजोडीनं उकिडवी बसलेली. हमाल, सरकी काढणाऱ्या बाया, आणि पहिल्या ओळीत खुद्द शेठ. मुलासाठी मुलगी बघायला निघालेले, गुलाबी पगडी, अत्तर. शेजारची बाई त्यांना म्हणत होती, “सरका न जी शेठ, लुगडं दबून राहिलं.”

“कारकूनजी!” शेठ ओरडले. “हा तुमचा माणूस मले जाऊ देत नाई!”

“बसा जी कारकूनसाहेब,” तो म्हणाला. “गिनती होऊन राहिली.”

मी बसलो. सवयच तशी.

सकाळपासून आत आलेले साठ. आता भरत होते एकसष्ट. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम. “कमी भरला तर काय करा लागते ते मले मालूम हाय,” तो पुटपुटला. “जास्त भरला तर काय?” खरंच होतं. चार वर्षांत आमच्या तुरुंगात आपणहून कोणी घुसला नव्हता.

तिसऱ्यांदा तो प्रत्येक डोक्याला हात लावत मोजू लागला. कापसाच्या गंजीमागच्या बायांपाशी त्याचा हात थबकला. ते डोकं लिंबाएवढं होतं. दुपारी एक मजुरीण तिथंच बाळंत झाली होती. शेठ ओरडतील म्हणून बायांनी सगळं गुपचूप उरकलं होतं.

“सापडला ना एकसष्टावा? उघड आता!”

“कसं उघडू शेठजी? जो आत आलाच नाई, तो बाहेर कसा सोडू?”

“उद्यापासून तू नको!”

शेठनं काढला म्हणजे तो पुन्हा गजाआड. मग मी अक्कल चालवली. “अरे, ते सकाळीच आत आलं. आईच्या पोटातून. तूच मोजायला चुकलास.”

त्याचा चेहरा पडला. “म्हंजे गिनती मी चुकलो?”

“चुकलास!” मी खूश.

त्यानं पागोटं काढून शेठपुढं ठेवलं. “ज्याले गिनती येत नाई, त्यानं फाटकावर राहू नये. सोडली नोकरी.” आणि माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला. शेठला जे उद्या करायचं होतं, ते मी आजच करून ठेवलं.

“फाटक तरी उघड!”

“आता मी पहारेकरी नाई शेठजी. कोणत्या हकानं उघडू? दुसरा पहारेकरी ठेवा, त्याच्या हाती चावी देतो.”

शेठनं हमालांना चावी हिसकायला सांगितलं. हमालांनी त्याची मनगटं पाहिली. “आमी गिनतीत बसलो हाओत जी,” एक जण म्हणाला. “उठलो तर पयल्यापासून मोजा लागन.”

बाळ रडू लागलं. एक म्हातारी शेठवर कडाडली, “बाळंतीण काय इथंच निजन का? ठेवून टाका न त्याले परत!”

“ठेवला!”

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“आजचा दिवस!”

“तसं जमत नाई जी. कारकूनसाहेबाले इचारा.”

मी घसा खाकरून वर्षाची अट सांगितली. सूर्य टेकला होता. तिकडे मुलीकडचे ताटकळलेले.

“वर्षभर ठेवला! उघड रे बाबा!”

“लिहून?”

कागद कुठला तिथं? कापसाच्या गाठींवर निशाणी करायच्या काळ्या शाईनं मी एका बांधलेल्या गाठीच्या तरटावरच करार लिहिला, शेठनं खाली सही ठोकली. मग पागोटं डोक्यावर चढलं, गिनती पहिल्यापासून झाली, एकसष्ट बरोबर भरले. बाळ-बाळंतीण शेठच्या बैलांच्या दमणीतून घरी गेली आणि शेठ पायी मुलगी बघायला.

कापसावर लिहून दिलेला करार कापसाबरोबर विकला जातो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या आलं. ती गाठ त्यानं फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. भाव चढला, गिऱ्हाईक आलं, शेठ विनवण्या करून थकले. त्याचं एकच, “ही गेली तर मी गेलो.” वर्ष भरलं त्या सकाळी त्यानं स्वतःच्या पाठीवरून ती गाडीत नेऊन टाकली. तोवर भाव असा कोसळला होता की गाडीवान भाडं आधी मागू लागला.

त्यानंतरही शेठनं त्याला ठेवला. कसं काय, म्हणून मी एकदा विचारलं.

“काढलं तर फाटक कोन उघडन?” शेठ म्हणाले.