साहेबांना मधेच थांबवणं

माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरचे तीन आठवडे उरले होते आणि 'चाऱ्याचे ट्रक सीमेवर कागद-पेन आहेत' अशा अर्थाचं पत्र मी टाईप करून बसले होते.

इंग्रजीत स्टेशनरी दोन आहेत. शेवटाकडं 'ए' घातला की जागच्या जागी उभं असलेलं, 'ई' घातला की लेखनसामान. शॉर्टहँड म्हणजे नुसत्या आवाजाच्या खुणा, त्यात दोन्ही सारखेच उमटतात. अर्थ कळला तरच टाईप बरोबर होणार. पण डिक्टेशन चालू असताना साहेबांना थांबवायचं नाही, हा कळंबच्या आमच्या दूध संघातला अलिखित नियम. दुष्काळ होता, चारा परराज्यातून यायचा, म्हणून पत्रं इंग्रजीत. मी टेंपररी टायपिस्ट. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी पहिलीच.

"पुन्हा अशी चूक झाली तर ऑर्डर वाढणार नाही," साहेबांनी बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून हेडक्लार्क शेखचाचा फाईल घेऊन डिक्टेशनला येऊन बसू लागले. निजामाच्या अमलात उर्दूत नोकरीला लागलेला माणूस. माझी पेन्सिल अडखळली की ते खाकरायचे.

"साहेब, ह्याचा मतलब काय? मला उमगलं न्हाय."

"शेख, इतकी वर्षं काय केलंत?" साहेब खेकसायचे, पण अर्थ सांगायचे.

मला त्यांची कीवच यायची. मग एकदा माझ्या पत्रातली तसलीच चूक त्यांनी कुणाला न विचारता दुरुस्त केली.

"चाचा, तुम्हाला तर येतं की!"

"येतं. पण माझी नोकरी पक्की हाय, पोरी. बोलणी खायला परवडतंय."

ऑर्डर संपायच्या आदल्या दिवशीच चाचा कामानं येरमाळ्याला गेले. साहेब डिक्टेट करत होते आणि 'तुमच्या कौन्सिलची वाट पाहतो' असं वाक्य आलं. कौन्सिल म्हणजे मंडळ, आणि जवळपास तसाच ऐकू येणारा दुसरा इंग्रजी शब्द, 'कौन्सेल', म्हणजे सल्ला. मी पेन्सिल थांबवली.

"साहेब, मंडळ की सल्ला?"

साहेबांनी चष्मा काढला.

"सल्ला. बरं झालं विचारलंत."

ऑर्डर वाढली. पुढं कायमही झाले. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "चला, आता माझ्या टेबलावर बसतो. लई काम तुंबलंय."

त्यांचे उपकार फिटणार नाहीत. शब्दांचे अर्थ डिक्शनरीत सापडतात. विचारायची हिंमत यायला मात्र आधी कुणालातरी आपल्या वाट्याची बोलणी खावी लागतात.