आठ पॉइंट शिल्लक

वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक विषय कधीच संपत नाही, तो म्हणजे सिंगापूरचं ड्रायव्हिंग लायसन्स. कोण थिअरीत उडाला, कोणी परीक्षेत गाडी फुटपाथवर चढवली, असले किस्से फ्लॅटच्या दाराबाहेर चपला साठाव्यात तसे साठत जातात. कोणी आणून ठेवले ते आठवत नाही आणि टाकून द्यायला कोणी तयार नसतं. माझ्याकडचे बहुतेक एकाच घरातले आहेत, हेमंत आणि अलकावहिनींच्या. हेमंत माझ्या टीममधला, आणि क्वीन्सटाउनला राहायला माझ्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले खाली.

पण सुरुवात दामलेपासून करायला हवी, नाहीतर तो रुसेल.

दामले आमच्याच टेबलावरचा. पुण्यातलं लायसन्स मुदत संपून बाद झालेलं, म्हणून इथे पहिल्यापासून परीक्षा. गाडी तर आपल्याला झोपेतही चालवता येते, अशा थाटात गेला आणि अर्ध्या तासात परत आला. लेन बदलताना मान वळवून मागे बघायचं असतं, ते याला माहीतच नव्हतं. परीक्षकानं शांतपणे विचारलं, "हाऊ लाँग यू ड्राइव्ह?"

"फिफ्टीन इयर्स," दामले छाती काढून म्हणाला.

"फिफ्टीन इयर्स, नेव्हर लुक बिहाइंड आह?"

आम्ही आठवडाभर हसत होतो. सगळ्यात मोठ्यानं हेमंत.

*

त्यानंतर दोनच महिन्यांनी हेमंत ऑफिसच्या पँट्रीत कॉफी घेताना कोसळला. फिट आली होती. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि आठवड्यानं डॉक्टर समजवायला बसले. गाठ पुन्हा येऊ शकते, फिट पुन्हा येऊ शकते. हेमंतनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी गाडी कधीपासून चालवू?"

गाडी त्याचा जीव होती. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि विचारलं, "घरात आणखी कोण चालवतं?"

घरात आणखी होत्या अलकावहिनी, ज्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नव्हती, आणि अकरा वर्षांची ईशा.

*

सुरुवातीला टॅक्सी होती. पण औषधांनी हेमंतला ओकाऱ्या व्हायच्या. एकदा टॅक्सीत झाली. ड्रायव्हर म्हातारा होता, स्वतःच्या हातानं पुसत बसला. हेमंतला त्याचीच लाज वाटली. "परक्याच्या गाडीत पुन्हा बसणार नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. वय बेचाळीस.

पहिल्या परीक्षेत त्या इतक्या जपून चालवत होत्या की एका उभ्या गाडीमागे जाऊन थांबल्या आणि ती पुढे जायची वाट बघत राहिल्या. परीक्षक म्हणाला, "मॅडम, दॅट वन पार्क्ड." दुसऱ्या वेळी फुटपाथ. तिसऱ्या वेळी पास झाल्या आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसून रडल्या. मला फोन करून म्हणाल्या, "भावजी, ह्यांना तुम्हीच सांगा, मला बोलवत नाहीये."

*

इथे पास झालं तरी पहिलं वर्ष प्रोबेशनचं असतं. पुढच्या आणि मागच्या काचेवर नारिंगी त्रिकोण लावायचा. चुकलं की पॉइंट मिळतात, वर्षात तेरा झाले की लायसन्स रद्द, पुन्हा थिअरीपासून सुरुवात.

पहिल्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये गाडीची पूजा झाली. चार चाकांखाली चार लिंबं, प्लॅस्टिकच्या पिशवीवर नारळ, म्हणजे कोणी तक्रार करायला नको. हेमंत लोकरीची टोपी घालून घडीच्या खुर्चीवर बसला होता. वहिनींनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, मागे गेल्या आणि काचेवरच्या त्रिकोणावरही ओल्या कुंकवाचं एक काढलं. हे वर्ष त्या त्रिकोणावरच होतं ना सगळं!

नियम म्हणजे दामलेचा प्रांत. तो म्हणाला, "वहिनी, त्रिकोण नीट दिसायला हवा. ते कुंकू पुसून टाका."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

हेमंत म्हणाला, "पुसायचं नाही. जा, दुसरा घेऊन ये."

दामले धावत गेला आणि पेट्रोल पंपावरून नवा त्रिकोण घेऊन आला. कुंकवाचा वहिनींनी जपून सोडवला आणि समोरच्या कप्प्यात ठेवला.

*

चौथ्या महिन्यात वहिनींना पत्र आलं. हॉस्पिटलचं वळण चुकत होतं म्हणून त्यांनी ऐनवेळी दुहेरी पांढरी रेघ ओलांडली होती. चार पॉइंट. त्याच आठवड्यात गाठ परत आल्याचं कळलं. आता सहा आठवडे रेडिएशन होतं, शनिवार-रविवार सोडून रोज.

वहिनी दोन्ही बातम्या एकदमच सांगायला वर आल्या. मला दुसरीवर काही सुचेना, म्हणून मी पहिलीवर बोललो. कागद घेऊन त्यांना समजावलं. चार गेले, आठपर्यंत चालतील, त्यापुढे खलास. लाल सिग्नल तोडला तर एकदम बारा, म्हणजे त्याच दिवशी लायसन्स गेलं. गंमत म्हणून मी एका चिठ्ठीवर 'आठ शिल्लक' लिहिलं आणि त्यांच्या डॅशबोर्डवर चिकटवलं.

ती वाचून ईशा म्हणाली, "काका, यू स्केअरिंग हर लाह."

मी म्हटलं, भीती असलेली बरी.

*

रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात, एका सोमवारी मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. मागे बसलो होतो. हेमंत पुढे, सीट थोडी मागे पाडून. हॉस्पिटलच्या अलीकडचा शेवटचा सिग्नल लाल होता. समोर इमर्जन्सीची पाटी वाचता येत होती.

तिथे हेमंतला फिट आली. आधीच्यांसारखी नव्हती, थांबेना. वहिनींचा डावा हात त्याच्या कपाळावर, उजवा स्टिअरिंगवर. चौकात एक गाडी नव्हती. खांबावर कॅमेरा होता.

आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "भावजी, जाऊ का?"

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. चिठ्ठीकडे बघितलं. म्हणालो, "थांबा वहिनी. बारा आहेत. उद्यापासून ह्याला आणणार कोण?"

त्या थांबल्या. हिरवा झाला तसं आम्ही आत शिरलो, माणसं स्ट्रेचर घेऊन धावली.

उद्या त्याला आणायची वेळ आली नाही. तो अकरा दिवस तिथेच होता आणि तिथेच गेला. एका मिनिटानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाले. वहिनींनी एकदाही विचारलं नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. मी मात्र दामलेलासुद्धा हे आजवर सांगितलेलं नाही.

*

प्रोबेशनचं वर्ष संपलं. वहिनींच्या नावावर चारच पॉइंट राहिले. दामलेनं टेबलावर जाहीर केलं, की आपल्या सगळ्यांत सरळ ड्रायव्हर म्हणजे अलकावहिनी.

त्यानंतर महिन्याभरानं एका शनिवारी त्या ईशाला क्लासला सोडायला निघाल्या होत्या. मला त्याच बाजूला जायचं होतं. "बसा पुढे," म्हणाल्या. पुढे बसायचं माझ्या जिवावर आलं, पण बसलो. बसताना बघितलं, मागच्या काचेवर कुंकवाचा त्रिकोण लावलेला होता.

रस्ता हॉस्पिटलवरून जातो. तो सिग्नल आला. हिरवा होता. वहिनींनी गाडी हळू केली आणि रेघेवर आणून थांबवली.

मागे एक व्हॅन येऊन थांबली. तिनं हॉर्न दिला नाही. त्रिकोण बघून नवशिकी बाई आहे असं वाटलं असेल.

मागून ईशा म्हणाली, "मम्मी, ग्रीन ऑलरेडी."

"दिसतंय मला."

हिरवा गेला, पिवळा गेला, लाल झाला. चौकात एक गाडी नव्हती. वहिनींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आरशात बघितलं आणि विचारलं, "भावजी, जाऊ का?"