एक टायर आणि चार हात

शनिवारी दुपारी भेस्तानच्या आमच्या घरात मी फरशीवर फतकल मारून बसले होते. मांडीवर सायकलचं पुढचं चाक आणि हातात नवा टायर... जो काही केल्या त्या चाकावर चढत नव्हता.

सायकल सेकंडहँड आहे, गियरची. पुढच्या टायरला बाजूने चिरा पडल्या होत्या, आणि रविवारी सकाळी आमच्या बायकांच्या सायकल ग्रुपची कामरेजपर्यंत राईड होती. माझी पहिलीच लांबची राईड. म्हणून घाईने नवा टायर मागवला. जुन्यावर जो नंबर, तोच नव्यावर... दोनदा वाचून बघितला.

मग चढेना का? एक बाजू गुपचूप बसली. दुसरीही बरीचशी बसली... आणि शेवटच्या वीतभर भागाशी येऊन घोडं अडलं.

चाक घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने लोखंडी पट्टी घालून जोर लावला, रिमवर ओरखडा आला तसा थांबला. रिम मोठी आहे की टायर लहान, तेच समजत नाही म्हणाला, आणि चाक सरळ माझ्या हातात परत दिलं.

घरी येऊन व्हिडिओ लावले. एक म्हणतो सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, दुसरा म्हणतो शेवट व्हॉल्व्हपाशी करा. एक म्हणतो साबणाचं पाणी लावा, दुसरा म्हणतो चुकूनही लावू नका... मी सगळंच केलं. टायर गॅलरीत उन्हातही ठेवला. प्लास्टिकची पट्टी मोडली, अंगठे लाल झाले.

एवढं मात्र कळलं, की रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. टायरची कड सगळीकडून त्यात उतरवली, तर शेवटच्या भागाला थोडी ढील मिळते. पण मी इकडे दाबलं की तिकडची कड वर यायची, तिकडे दाबलं की इकडची. दोन हात पुरेनात, आणि नवऱ्याची ड्युटी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

घरात तसे नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे, मूळचे अमळनेरकडचे. उभा जन्म इथे पॉवरलूमवर गेला. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. तेव्हापासून खाटेवर बसून असतात, टीव्ही चालू असतो, पण बघतात असं वाटत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम शिकवले, तर एकदाही केले नाहीत. त्यामुळे त्यांना काही सांगावं, मदत मागावी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी मी चाक बाजूला सारलं. डोळ्यांत पाणीच आलं... एका टायरसाठी रडू येतंय याचीच लाज वाटत होती.

तेवढ्यात खाट करकरली. नाना भिंतीला धरून उठले, हळूहळू येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि चाक मागितलं. मी गोंधळले. द्यावं की नको? तोल गेला तर? पण त्यांनी हात पुढे केलाच होता, म्हणून चाक त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभं करून दिलं.

"दाब तू. मी धरस," ते म्हणाले.

घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण नानांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य कितीतरी दिवसांनी ऐकलं. त्यांनी उजव्या हाताने एका बाजूची कड चरात दाबून धरली. दुसऱ्या बाजूची वर येऊ लागली, तशी उजव्या हाताने स्वतःचा डावा हात उचलून त्यांनी तिच्यावर ठेवला आणि उजवा पुन्हा आपल्या जागी नेला. मी खाली मान घालून दोन्ही अंगठ्यांनी जोर लावत होते... आणि टप्पकन आवाज होऊन टायर आत बसला.

मी हसत वर बघितलं. नाना उजव्या हाताने कपाळ पुसत होते. आणि डाव्या हाताची बोटं टायरला घट्ट आवळलेली होती. ते त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"सुटत नही," ते हळूच म्हणाले.

मी एकेक बोट उलगडून हात सोडवला. आनंद मानायचा की घाबरायचं, मला कळेना. बहुतेक त्यांनाही.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, असा हात आवळला जाणं हा बऱ्याचदा ताठरपणा असतो, त्याला सुधारणा समजू नका. अशा हाताला धरणं जमतं, सोडणं अवघड जातं, तेच शिकवायचं. पण नानांनी आपणहून तो हात कामाला लावला ना, हे मोठं आहे... म्हणजे बातमी चांगली की वाईट, माझा गोंधळ तसाच.

नानांना जसंच्या तसं सांगितलं. थोड्या वेळाने पाहते तर ते डावा हात मांडीवर घेऊन, उजव्या हाताने एकेक बोट सरळ करत बसलेले.

रविवारी कामरेजपर्यंत जाऊन आले. सगळ्या जणी रस्ता बघत होत्या, मी टायर. पण तो जागचा हलला नाही.

घरी आले तेव्हा नाना दारात खुर्ची टाकून बसले होते. राईड कशी झाली, विचारलं नाही. मागचा टायर कधी बदलायचा, एवढंच विचारलं.

मागचा टायर अजून चांगला धडधाकट आहे. तरी मी नवा मागवलाय.