मामींचा एकच चमचा

मामींना कुणी शहाणपणा शिकवायला गेलं, की त्या आधी त्या माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या. मग लांबलचक "असं का!" म्हणायच्या. आणि त्यानंतर त्या शहाणपणाची अशी काही बिनपाण्याने हजामत व्हायची, की समोरचा दार कुठे आहे ते शोधायला लागे. बाई पाळणाघर चालवायच्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकीत गाद्या आणि दुसरीत ओटा, मागच्या दांडीवर लंगोटांची रांग, आणि सगळीकडे दुधाचा नि ओल्या रबरी चादरीचा वास. 'मामी' हे नाव पोरांनी पाडलेलं. पोरांच्या आयाही तेच म्हणायच्या, कारण दुसरं काही म्हणायची छाती कुणाची होती?

या आयांबद्दल मामींचं मत काय विचारता! सकाळी पर्सला जंतुनाशकाची बाटली लटकवून यायच्या, पोराला ठेवायच्या आधी दाराची कडी पुसायच्या. त्या वळल्या की मामी नाक मुरडायच्या. "पोर जन्माला घातलंय की काचेची बरणी? म्हणे जंतू! जंतू नसते तर या बयांना बोलायला विषय तरी कुठला उरला असता?"

जेवणाच्या वेळी मामींची पद्धत ठरलेली. पोरं भिंतीला टेकून ओळीत बसायची. मधे मऊ भाताचं एक पातेलं आणि एकच चमचा. घास आधी मामींच्या ओठाला लागायचा, चटका बसतो का बघायला. मग पहिल्याच्या तोंडात, मग दुसऱ्याच्या, की पुन्हा ओठाला. कुणी अर्धा घास थुंकला तर तो मामींच्या पोटात. तोंडातली चोखणी जमिनीवर पडली, तर मामी ती स्वतः चोखून साफ करायच्या आणि परत पोराच्या तोंडात कोंबायच्या. एका आईने हे खिडकीतून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "वेगवेगळे चमचे ठेवता येणार नाहीत का हो?" तिने जीव मुठीत धरून विचारलं. "ठेवते की," मामी म्हणाल्या, "आणि प्रत्येकाला वेगळा आचारीही ठेवते. अहो, एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होऊन जाते, एकदाची कटकट मिटते! अंगाला सवय लागली पाहिजे. माझ्याकडे बघा. सगळे रोग या अंगात येऊन चहा पिऊन गेलेत. आता एकही परत फिरकत नाही."

यातलं निम्मं खरं होतं. तिथेच तर सगळा घात झाला. संपूर्ण चुकणाऱ्या माणसाला कुणी तरी गप्प करतं. निम्मं बरोबर असणाऱ्याच्या तोंडाला कोण लागणार?

अशात मामींच्या एकुलत्या एका लेकीला दिवस गेले. लग्नानंतर बरीच वाट बघून गेले होते, त्यामुळे लेक आणि जावई दोघंही हवेत होते. नेमकी त्याच सुमारास मामींच्या हाताखालची बाई काम सोडून गेली, आणि लेक म्हणाली, "मी येते ना आई, मला घरी बसून कंटाळाच येतो." मामी खूश झाल्या. लेक त्याहून खूश. ती पोरांच्या ओळीसमोर मांडी घालून बसायची, घास ओठाला लावायची, उष्टं खायची आणि पोरांसारखीच खिदळायची.

जावई म्हणजे अगदी गरीब गाय. तो एकदा चप्पल काढता काढताच म्हणाला, "आई, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, की हिने लहान मुलांचं उष्टं खाऊ नये. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांच्या लाळेतून एखादा विषाणू..."

"असं का!" मामी म्हणाल्या. जावयाने चप्पल परत पायात घातली. "जावईबापू, त्या डॉक्टरीणबाईंना पोरं किती आहेत?"

"बहुतेक... नाहीत."

"बघा! माझ्या हाताखालून दोन पिढ्या गेल्या. लाळ म्हणजे काय विष आहे? उलट माझी नात आईच्या पोटातच सगळ्याला तयार होऊन येईल, तुमच्यासारखी वाऱ्याने पडणार नाही."

जावई हसला. लेकही हसली. नातच होणार हे मामींनी परस्पर ठरवून टाकलं होतं, तेव्हा बाकीचंही त्यांच्याच मर्जीने होईल, असा काहीसा समज त्या घरात होता.

महिनाभराने लेकीला ताप आला. फार नाही, अंग मोडून आलं, गळ्याशी गाठी आल्या आणि चार पावलं चालली की थकायला व्हायचं. "डॉक्टरीणबाईंना फोन करू?" तिने विचारलं.

"कर की! म्हणजे त्या तुझं अर्धं रक्त काढून घेतील नि उरलेलं अर्धं आटवतील. अगं, ताप आला म्हणजे काय? तुझं अंग लढतंय. पोराला आच लागू नये म्हणून आई स्वतः तापते. पड जरा, होशील बरी."

लेक पडली आणि बरीही झाली. मामींनी ती गोष्ट पुढे कितीजणींना तरी ऐकवली. फोन मात्र कुणी केला नाही.

खरोखर नातच झाली. वजनाला जरा कमी, पण नाकीडोळी नीटस. दवाखान्यातल्या बाईने पाळण्याशी यंत्र आणून बाळाचे कान तपासले, काही न बोलता पुन्हा तपासले, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. मग आणखी तपासण्या झाल्या. बाळाच्या लघवीत विषाणू सापडला. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघंही बसले. बाळ लेकीच्या मांडीवर होतं. बाई सावकाश सांगत होत्या. हा विषाणू लहान पोरांच्या लाळेत, लघवीत असतो, मोठ्यांना सहसा काही करत नाही, पण आईच्या पोटातल्या बाळाच्या कानांना इजा करू शकतो.

मामींना कुठला दम धरवायला! "मग मला कसं काही झालं नाही? त्या पोरांच्या लाळेत माझा जन्म गेला. ही पोटात असतानाही मी तेच करत होते. हिचे कान चांगले ठणठणीत आहेत!"

"कारण तुम्हाला तो लहानपणीच होऊन गेला असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात त्याच्याशी लढायची तयारी होती. तशी तयारी असलेल्या आईकडून बाळापर्यंत तो क्वचितच पोचतो. तुमच्या मुलीच्या रक्ताला तो नवखा होता. दिवस गेल्यावर आम्ही पहिल्यांदा तपासलं, तेव्हा तिच्या रक्तात त्याची खूणही नव्हती. मग तो ताप आला. तिचं शरीर लढलं, पण तयारी होईपर्यंत विषाणू वार ओलांडून बाळापर्यंत गेला होता. कुठून आला, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. आणखी कुठेही गाठ पडली असू शकते."

"ऐकलंत? कुठेही!" मामी जावयाकडे वळल्या.

"मला एकच नवल वाटतं," डॉक्टरीणबाई लेकीकडे बघत म्हणाल्या. "पाळणाघरात वाढलेल्या मुलीला हा लहानपणीच होऊन जायला हवा होता. तसा झाला असता, तर आज कदाचित..."

"मी पाळणाघरात वाढले नाही," लेक म्हणाली.

मामींनी पदर सारखा केला.

"मी वरच्या मजल्यावर आत्याकडे असायचे. माझा पेला वेगळा, चमचा वेगळा, तोही उकळलेला. खाली जायचं नाही, पोरांना शिवायचं नाही. मी जिन्यात बसून बघायचे, आई सगळ्यांना एका चमच्याने भरवायची ते. मला वाटायचं, मलाही एकदा तिथे बसवावं."

दुनियेच्या पोरांना सवय लावायला निघालेली ही बाई, आणि स्वतःची पोर तेवढी उकळलेल्या चमच्याने वाढवली! लोकांच्या आया जंतूंना भ्यायल्या की त्या नखरेल. हिने भ्यायचं ठरवलं की ती माया. एवढ्या वर्षांत हा हिशोब मामींना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःला विचारायचं तर नावच नको.

"तुला जपलं गं मी," शेवटी त्या म्हणाल्या. "कुणाकुणाची पोरं ती, कुणाच्या नाकात काय नि तोंडात काय. माझी एकुलती एक लेक तू."

"जपलंस," लेक म्हणाली. "आणि जेव्हा खरं जपायचं होतं, तेव्हा त्याच ओळीत नेऊन बसवलंस. मी तापले, तर फोनही करू दिला नाहीस."

"मला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. हा सांगायला आला होता. तू त्याला हसलीस." लेकीने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. "मीही हसले."

जावई जमिनीकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंनी औषध कसं द्यायचं, कानाला यंत्र कधी लावायचं, पुढच्या तपासण्या कधी, हे सगळं हळूहळू समजावलं. बाळाला बोलायला शिकवता येईल, म्हणाल्या, पण लवकर सुरुवात करायला हवी आणि चिकाटी लागेल. मग त्या तिघांना तिथेच बसू देऊन बाहेर गेल्या.

मामी उठल्या. लेकीसमोर उभ्या राहिल्या. पण लेकीच्या डोळ्यांना डोळा काही देववेना. त्या वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाल्या, "चुकले गं राणी. आजीचं चुकलं."

"तिला नाही ऐकू येत, आई," लेक म्हणाली. "मला सांग."